शिसवीची खुर्ची

आजोबांची खुर्ची आमच्या वडोदऱ्याच्या घरात आजवर सागवानाची समजली जात होती. आज तिचा निखळलेला हात बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी खालची, पॉलिश न लागलेली बाजू कानशीने थोडी घासली, तेव्हा आतून जांभळट तपकिरी रंग आणि त्यावरच्या काळ्या रेषा दिसल्या, आणि सागाच्या चामड्यासारख्या तेलकट वासाऐवजी मंद, गुलाबाची आठवण करून देणारा सुगंध आला. ती शिसवी निघाली. वजनही तेच सांगत होते. वाळलेला साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, तर शिसवी ८०० किलोंच्या आसपास जाते. उत्तरेकडील शीशम याच वंशातले, पण वेगळ्या झाडाचे आणि बहुधा अधिक सोनेरी छटेचे असते. दोन्ही लाकडे एकाच नावाने विकली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिसवीचे तंतू एकमेकांत उलटसुलट गुंतलेले असल्यामुळे रंध्याचे पाते जरा जरी बोथट असले तरी ढलप्या निघतात, म्हणून मिस्त्रींनी पात्याला दोनदा धार लावली, अगदी पातळ छिलका काढला आणि शेवटचा हात पोलादी पत्तीने खरवडून फिरवला. लाकडातला तेलकट अंश चिकटण्याच्या आड येतो, म्हणून सरस लावण्यापूर्वी सांधा स्पिरिटने पुसला. भुसा नाकाला झोंबतो. आम्ही दोघांनीही तोंडाला रुमाल बांधले होते. उद्या चपडा लाखेचे पॉलिश होईल.