शेव्हरोले कॉर्व्हेअर आणि टायरमधली हवा

१९५९च्या शरद ऋतूत फोर्डची फाल्कन, क्रायस्लरची व्हॅलियंट आणि शेव्हरोलेची कॉर्व्हेअर अमेरिकेच्या बाजारात उतरल्या. पहिल्या दोघींचं इंजिन नेहमीसारखं पुढे आणि पाण्यावर थंड होणारं. कॉर्व्हेअरचं मात्र मागे: सपाट मांडणीचं, सहा सिलिंडरचं, ॲल्युमिनियमचं, हवेवर थंड होणारं. शेव्हरोलेचे प्रमुख एड कोल यांच्या हट्टामुळेच तिच्या मालक कंपनीत, जनरल मोटर्समध्ये, अशी गाडी बनू शकली.

गाडीचं ६० टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर. त्यात मागचे ॲक्सल फक्त डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) टोकाला सांध्यावर फिरणारे. जोरात वळताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला, तर मागचा भाग वर उचलला जातो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडीची शेपटी सुटते. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळताना गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी, खर्च वाचवायला गाळला होता. सगळा तोल टायरच्या दाबावर सोपवला: थंड टायरमध्ये पुढे १५ पीएसआय, मागे २६. पेट्रोल पंपावर चारही चाकांत सारखी हवा भरली की हा तोल गेलाच. माझ्या मते खरी चूक हीच. गाडीची सुरक्षितता हवा भरणाऱ्याच्या माहितीवर टांगून ठेवायची नसते.

१९६४मध्ये पुढे अँटी-रोल बार आणि मागे आडवी पाटा स्प्रिंग आली. १९६५च्या नव्या मॉडेलला मागे पूर्ण स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं आणि गाडी वळणावर सुरेख चालू लागली. कॉर्व्हेअरला धोकादायक ठरवणारं राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे दुरुस्ती झाल्यावर. फोर्डच्या मस्टँगनं गिऱ्हाईक आधीच ओढलं होतं. मे १९६९मध्ये उत्पादन थांबलं. १९६० ते ६३च्या गाड्या त्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हत्या, हा सरकारी चाचण्यांचा निष्कर्ष १९७२मध्ये आला.

आज ही गाडी सांभाळणाऱ्यांनी आधी फॅन बेल्ट बघावा. क्रँकची पुली उभी, पंखा आडवा, म्हणून एकच बेल्ट पिळा घेत दोन्हीकडे फिरतो. ढिला असला तर उलटून निसटतो, फार ताणला तर पंख्याचं बेअरिंग जातं. डॅशबोर्डवर जनरेटर-फॅनचा दिवा लागला की तिथंच इंजिन बंद करा. बेल्टविना पंखा थांबतो, आणि थंड ठेवायला पाणी तर नाहीच.

दुसरं दुखणं तेलगळती. १२ पुशरॉडांच्या (इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांना दोन्ही टोकांना रबरी ओ-रिंग असतात, म्हणजे एकूण २४. उष्णतेनं त्या कडक होतात आणि तेल गरम सिलिंडरांवर ठिबकतं. हीटर तिथलीच हवा आत घेतो, त्यामुळे केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास येतो. व्हायटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराच्या रिंगा खूप टिकतात. एकदोन न बदलता सगळ्या २४ एकदम बदला.