सात महिने झोपलेला कांदा

कुंडीसोबत आलेलं रंगीत कार्ड मी अजून फेकलेलं नाही. 'आठवड्यातून दोनदा पाणी. भरपूर उजेड.' बस, एवढंच. वेल वाळून गेल्यावर काय करायचं याबद्दल एक अक्षर नाही. आणि मला नेमकं तेवढंच हवं होतं.

झाडाचं नाव बोविआ व्होल्युबिलिस. इंग्रजीत क्लाइंबिंग अनियन म्हणतात, म्हणजे वर चढणारा कांदा. मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. १८१६ साली लंडनच्या क्यू बागेसाठी झाडं गोळा करायला तिकडे गेलेल्या जेम्स बोवीचं नाव त्याला दिलंय. दिसायला खरंच कांदा. फक्त फिकट हिरवा, आणि मातीत पुरलेला नाही तर मातीवर आरामात बसलेला. त्याच्या डोक्यातून एक हिरवा दोरा निघतो आणि जे सापडेल त्याला वेढे घालत सुटतो. पानं जवळपास नाहीतच, पानांचं काम ती हिरवी वेलच करते. लांबून शतावरी वाटते, आणि कुळही शतावरीचंच आहे. आपल्या भाजीतल्या कांद्याचं कूळ वेगळं.

ऑगस्टमध्ये सातशे रुपयांना ऑनलाइन मागवला, टेनिसच्या चेंडूएवढा. फेब्रुवारीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. वेल निघाली, खिडकीच्या जाळीवर चढली, हिरवट बारीक फुलं आली. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

मार्चमध्ये वेल शेंड्याकडून पिवळी पडायला लागली. पुण्यातला मार्च, ऊन तापलेलं. मला वाटलं तहान लागली असणार. पाणी वाढवलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हात लावला तर अख्खी वेल कुरकुरीत, चुरा होऊन हातात आली. विक्रेत्याला फोटो पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं, 'पाणी नियमित द्या मॅडम', पुढे नमस्काराचे दोन हात. झाडवेड्या ओळखीच्यांना विचारलं तर एक म्हणाली हा उन्हाळ्यात झोपतो, दुसरा म्हणाला हिवाळ्यात. आता कळतंय की दोघंही आपापल्या कुंडीपुरते बरोबर होते. घरात वाढवलेला हा कांदा आपलं कॅलेंडर पाळत नाही. वेल वाळली की झोपला, एवढीच खूण धरायची.

पण तेव्हा मला ते पटत नव्हतं. रोज सकाळी चहा घेऊन कुंडीशी जायचं, कोंब दिसतोय का बघायचं, आणि नाही दिसला की अर्धा पेला पाणी घालायचं. काहीतरी केल्याचं समाधान! जूनमध्ये पाऊस लागला. शेजारच्या कुंड्यांत न पेरलेलं गवतसुद्धा उगवलं, हा मात्र ढिम्म. मी आणखी पाणी घातलं. जुलैत एक दिवस कुंडीला कुबट वास आला. कांद्याच्या बुडाशी अंगठा दाबला तर तो सरळ आत गेला.

नेमके त्याच आठवड्यात आप्पा आले होते. आमचं गाव निफाड तालुक्यात. आप्पांनी आयुष्यभर उन्हाळ कांदा पिकवला आणि चाळीत, म्हणजे कांदा ठेवायच्या हवेशीर कोठारात, साठवला. त्यांनी कुंडी उपडी केली, कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, ओला गोळा हातात दाबला, त्यातून पाणी गळलं. म्हणाले, "ह्याला चिखलात कोणी बसवलं?" मी कार्ड दाखवलं. ते त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं आणि परत दिलं. मग म्हणाले, "चाळीतल्या कांद्याला आपण कधी पाणी घातलंय का गं?"

मी आप्पांच्याच घरात वाढलेली. कांदा काढला की पातीखाली झाकून शेतात सुकवायचा, इंचभर मान ठेवून पात कापायची, चाळीत खालून वारा खेळला पाहिजे, हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. सातशे रुपये मोजल्यावर त्यातलं एकही आठवू नये?

मग आम्ही बसलो. सुरी स्पिरिटने पुसली. सडकी मुळं काढली, मऊ झालेले पापुद्रे एकेक करून सोलले. प्रत्येक थराखाली पुन्हा तपकिरी डाग निघायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा. शेवटी पांढरा, घट्ट, करकरीत थर लागला. उरलेला ऐवज लिंबापेक्षा थोडा मोठा. मी हळद चोपडायला निघाले तर आप्पा म्हणाले, "लाव वाटलं तर. पण त्याला वारा पाहिजे." स्वयंपाकघरातून माझी पुरणाची चाळण आणली, पुस्तकांच्या कपाटावर उपडी घातली आणि तिच्यावर कांदा ठेवला. खालून हवा. ना माती, ना पाणी.

त्यानंतरचे साडेतीन महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. पाणी घालायचं नाही म्हटल्यावर हाताला कामच उरलं नाही. मग मी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायला लागले. ११२ ग्रॅम. दहा दिवसांनी १०९. मग १०८. नवरा म्हणाला, आता डब्बल टॉनिक सुरू कर. आप्पांना फोन केला की त्यांचा एकच प्रश्न, "घट्ट आहे का?" घट्ट होता. "मग राहू दे."

गणपतीच्या आधी पुरणासाठी चाळण लागली म्हणून मी कांदा ओट्यावर काढून ठेवला आणि विसरले. मावशींनी तो कांदे-बटाट्याच्या टोपलीत टाकला! संध्याकाळी पोह्यांना कांदा घेताना हाताला वेगळा लागला म्हणून वाचलो. हे खरं तर मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं: हा कांदा विषारी आहे, थेट हृदयावर परिणाम करणारा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा, आणि सुकवायचा असेल तर स्वयंपाकघरात अजिबात नको. आफ्रिकेत पारंपरिक औषधासाठी तो इतका खणून नेतात की रानात कमी होत चाललाय. म्हणून घेताना बियांपासून वाढवलेला आहे ना, हे विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

वसुबारसेला सकाळी कपाट पुसताना दिसलं. मानेतून तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक. चष्मा आणून पाहिलं तर एक नाही, दोन. कांदा आतून दुभागत होता, हा असाच वाढतो. पणत्या राहिल्या बाजूला, मी आधी आप्पांना फोन लावला. ते म्हणाले, "बरं झालं. ह्या भावानं माझा कांदा गेला असता तर मी पुण्यात बंगला बांधला असता."

या वेळी भोक असलेली मातीची कुंडी घेतली. जाड वाळू आणि विटांचा चुरा मिळून निम्म्याहून जास्त, उरलेली साधी माती आणि मूठभर शेणखत. कांद्याचा खालचा तिसरा हिस्साच मातीत. पहिलं पाणी कोंब बोटभर झाल्यावर, तेही कडेकडेने. डोक्यावर ओतायचं नाही. नंतर माती पूर्ण कोरडी झाली की मगच. ऊन सकाळचं, दुपारचं लागलं तर कांदा भाजतो. वरचा कागदी पापुद्रा आपोआप सुटतो, तो ओढून काढू नका.

दोन्ही वेलींनी आठवड्याभरात गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी गाठली. सोडवायला गेले तर शेंडा तुटेल अशी भीती वाटली. त्यामुळे सध्या आमचे टॉवेल दाराच्या मागे वाळतात.