ब्रेक पाइपचा नट आणि महागडा पाना

मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने ब्रेक शू ढकलणारा छोटा सिलिंडर, गळत होता. एरवी हे काम साधं: ब्रेक पाइपचा 10 एमएमचा नट सोडवायचा, ड्रमच्या प्लेटमागचे दोन बोल्ट काढायचे आणि नवा सिलिंडर बसवायचा. पण गाडी आमच्याकडे आली तेव्हा नट गंजलेला होता आणि त्याचे दोन कोपरे आधीच कुणीतरी खाल्लेले.

हा नट मधून पोकळ, म्हणजे मुळातच नाजूक. पाइप आडवा येत असल्याने रिंग पाना घालता येत नाही आणि फिक्स पाना दोनच बाजू धरतो. त्यासाठी फ्लेअर नट पाना असतो. रिंगच, पण पाइप आत जाण्यापुरती फट कापलेली. पाच बाजू धरतो. नेमकी इथेच स्वस्त हत्यारं फसतात. फट कापली की रिंगची ताकद बरीच कमी होते, मग पोलाद मऊ असेल तर जोर लावताच ती फाकते. सेटमधला स्वस्त पाना लावला तेव्हा फट डोळ्यांदेखत रुंदावली आणि पाना कोपऱ्यावर चढायला लागला. लगेच थांबवलं. तिसरा कोपरा गेला असता तर पाइप नटाला लागून कापायचा, वरून सहा कोनी गोटी (सॉकेट) घालायची आणि पाइप नवा करायचा, एवढाच मार्ग उरला असता. गॅसने तापवायचं तर नावच नको, ब्रेक ऑइल पेट घेतं.

तारेच्या ब्रशने गंज काढला, तेल मुरू दिलं, जाड भिंतीचा महागडा पाना बसवला. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग उलटा. सुटला. पाइप नटाबरोबर पिळत नाही ना, यावर नजर ठेवावी लागते.

प्लेटमागच्या बोल्टांना सस्पेन्शनच्या स्प्रिंगची अडचण. 24 दातांचा रॅचेट 15 अंश फिरल्याशिवाय पुढचा दात पकडत नाही, तेवढी जागाच नव्हती. 72 दातांच्या रॅचेटला 5 अंश पुरतात. मोकळ्या जागेत मात्र स्वस्त रॅचेटने काही अडत नाही. हातोडा, टॉमी (गोटी फिरवायचा दांडा) आणि मोठ्या रिंग पान्यांवर जास्त पैसे घालणं मला तरी पटत नाही.

खाल्लेला नट परत वापरला नाही. पाइपचं टोक कापून नवा नट ओवला, मग फ्लेअर केलं, म्हणजे टोक फुलवलं. ब्रेकच्या तेलातली हवा काढताना ती जिथून बाहेर सोडतात त्या ब्लीडर निपलला सहा कोनी रिंगच लावली, तो निपलही नटासारखाच पोकळ.