तुम्ही विचारलेत म्हणून : बाई, तुम्ही शिकवता कधी?

पालकसभेत, शिक्षण परिषदेत, अगदी घरच्या लग्नकार्यातही मला हा प्रश्न ठरलेला असतो. पाचवीची मुले वर्गात गटागटाने बोलत बसलेली दिसतात, मधूनच वह्या घेऊन गावात हिंडतात, मग बाई, तुम्ही शिकवता कधी? विचारणारे हसत विचारतात आणि उत्तर ऐकायला सहसा थांबत नाहीत, म्हणून ते एकदा लिहून काढते.

मी फळ्याशी उभी राहूनही शिकवते, आणि पुष्कळ शिकवते. पूर्वी ज्ञानरचनावादाच्या प्रशिक्षणात मी तावातावाने सांगत असे की मूल आपले ज्ञान आपणच रचते, शिक्षकाने फक्त बाजूला व्हावे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचे उदाहरण तर माझ्या तोंडीच असे : 1972 साली तिथल्या मोजक्या खेड्यांतल्या शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायला सुरुवात केली, परीक्षेत पुस्तक उघडून बघण्याची मुभा होती, आणि 2002 मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. मी फक्त सरकारला दोष देऊन थांबत असे. त्या प्रयोगांमागे शिक्षकांची केवढी तयारी लागत होती, याकडे माझे भाषण कधी वळायचे नाही.

पाणी तपासायची एच-टू-एस बाटली घ्या. ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 साली मांडली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची; पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतले जंतू असल्याचा संशय घ्यायचा. काळे पडलेले पाणी मूल आपल्या डोळ्यांनी पाहते, पण ते का पडले हे कितीही गटचर्चा केली तरी त्याच्या हाती लागणार नाही. जंतूंनी तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा बाटलीतल्या लोहाच्या क्षाराशी संयोग होऊन काळा पदार्थ बनतो, हे मलाच सांगावे लागते. मात्र मी ते बाटली काळी पडल्यानंतर सांगते, आधी सांगत नाही. माझ्या पद्धतीत वेगळे म्हणावे असे एवढेच आहे. उलट, ‘बाई, बाटलीच आधीपासून खराब असली तर?’ ही शंका एका मुलानेच काढली, आणि तेव्हापासून उकळून गार केलेल्या पाण्याची एक बाटली आम्ही शेजारी ठेवू लागलो. ही शंका मी फळ्यावर लिहून दिली असती तर मुलांनी ती नुसती उतरवून घेतली असती.

आता ज्या प्रसंगामुळे हा प्रश्न मला जास्त बोचतो, तो सांगते.

एका पावसाळ्यात मुलांनी गावातल्या नळांची ओटी चाचणी केली. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन; पाण्यात क्लोरीन असेल तर त्याचे थेंब टाकताच ते पिवळे होते. टाकीजवळच्या नळाला फिकट पिवळी छटा आली, वस्तीतल्या शेवटच्या नळाला काहीच आले नाही आणि पुढच्या आठवड्यात टाकीजवळचेही पाणी पांढरेच राहिले. कारण शोधायचे ठरले, तेव्हा गटातली एक मुलगी म्हणाली की तिला ठाऊक आहे. तिचे वडील ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे कर्मचारी होते. ‘टीसीएल पावडर संपली आहे. बाबांनी दोनदा सांगितले, अजून आणलेली नाही,’ असे तिने स्वच्छ अक्षरात निरीक्षणाच्या रकान्यात लिहिले. टीसीएल म्हणजे पाण्यात क्लोरीनसाठी टाकायची ब्लीचिंग पावडर. ते वाक्य वाचून मी तिला शाबासकी दिली.

15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. मुलांनी आपला तक्ता वाचावा, असे सरपंचांशी बोलून आधीच ठरले होते. ग्रामपंचायतीचा धडा सहावीला येतो, हे मला माहीत आहे. तो येईपर्यंत मुले पाणी प्यायची थांबत नाहीत. त्या मुलीने नळांची नावे वाचली, रंग वाचले आणि शेवटी पावडरीचे वाक्यही वाचले. सभेत क्षणभर कोणीच बोलले नाही. मग एक सदस्य उठले, माझ्याकडे न बघता थेट तिच्या वडिलांना म्हणाले, ‘घरातल्या गोष्टी पोरीकडून सभेत वाचून घेतोस काय?’ त्यानंतर पावडर बाजूलाच राहिली. मुले सभेची सदस्य नाहीत इथपासून बाई गावाची बदनामी करतात इथपर्यंत सगळे बोलून झाले, आणि तो माणूस मान खाली घालून उभा होता. मुलगी तक्ता दोन्ही हातांनी धरून तशीच उभी. मी पुढे होऊन तिच्या हातातला तक्ता घेतला, तर तो तिच्याकडून सुटेना.

पावडर त्याच आठवड्यात आली. हे सांगितले की लोक म्हणतात, मग झाले की काम! वडिलांची नोकरीही राहिली. पण ती मुलगी कित्येक दिवस शाळेत आली नाही, आणि आली तेव्हा निरीक्षणाचा रकाना कोरा ठेवू लागली. मी विचारले तर म्हणाली, ‘बाई, तुम्ही सांगा ना, मी लिहिते.’ तिचे वडील मला भेटायला आले तेव्हा एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. ‘पोरगी खोटे बोलली नाही,’ म्हणाले, ‘पण आम्हाला इथेच राहायचे आहे.’

शिक्षण हक्क कायद्याचे 29 वे कलम मी टीकाकारांना नेहमी ऐकवत असे. कृती, शोध आणि शोधक वृत्तीतून शिकणे त्यात आहेच, पण मूल भय, दडपण आणि चिंतेपासून मुक्त असावे, त्याने आपले मत मोकळेपणाने मांडावे, हेही त्याच कलमात आहे. त्या सभेत एका अपेक्षेने दुसरीचा गळा धरला. जुनी मी म्हणते की दोष पद्धतीचा नाही, गावाचा आहे. आजची मी विचारते की गाव कसे आहे हे माहीत असताना दहा वर्षांच्या मुलीला पुढे करणारी पद्धत नेमकी कोणाची होती? मग जुनी विचारते, म्हणजे पुन्हा पाठ करून घ्यायचे का, आणि तिथे माझ्याकडे उत्तर नसते.

शिष्यवृत्तीबद्दल विचारणाऱ्यांना थोडक्यात : ती परीक्षा 2016-17 पासून चौथीऐवजी पाचवीला आली तेव्हा मीही जादा तास घेऊ लागले, आणि त्या तासाला मुले गप्प बसलेली असत. तेव्हा मात्र कोणी विचारत नसे की मुले शिकतात कधी.

आता चाचण्या मुलेच करतात, नोंदीही तीच ठेवतात, पण ग्रामपंचायतीला जाणारे पत्र शाळा व्यवस्थापन समितीच्या नावे जाते. कायद्यानेच तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा बोलायचे ते त्यांनी बोलावे. याला नागरिकशास्त्र म्हणावे की पळवाट, यावर माझे माझ्याशीच एकमत होत नाही. मुलांनी मात्र विचारले आहे की नळ आम्ही तपासले, तर पत्रावर सही दुसऱ्याची का. पुढच्या पत्राआधी यावर वर्गात चर्चा ठेवली आहे. त्या दिवशी वर्गात गोंगाट होईल, आणि वऱ्हांड्यातून जाणारे कोणीतरी मला पुन्हा विचारील.