बेसमेंट बुडवलं म्हणून वाचलं

अडकलेले प्रोजेक्ट मार्गी लावणं हे माझं काम, म्हणजे बिल्डर आणि कॉन्ट्रॅक्टर एकमेकांशी बोलेनासे झाले की आम्हाला बोलावणं येतं. ही साइट पुण्यात बालेवाडीच्या बाजूची, दोन बेसमेंटची कमर्शियल बिल्डिंग, आधीच भरपूर लेट. साइट ऑफिसात कामाच्या वेळापत्रकाचा भिंतभर रंगीत बार चार्ट लावलेला, आणि त्यात डिवॉटरिंगची, म्हणजे खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसण्याची, पट्टी राफ्टचं (बिल्डिंगखालच्या पायाच्या सलग स्लॅबचं) काँक्रीट झालं त्याच तारखेला संपलेली. जुलै महिना, बाहेर आठवडाभर धो धो पाऊस, आणि साइटवर एकाही पंपाचा आवाज नाही. चहा तसाच ठेवून खाली गेलो.

मुकादम म्हणाला, "साहेब, इथं खालून पाणी मारतंय." बघतो तर राफ्टच्या जॉइंटमधून सुतासारख्या बारीक धारा उडत होत्या, पाणी एकदम स्वच्छ. लेव्हल मशिन लावायला सांगितलं. प्रत्येक कॉलमवर एक मीटरची खूण असतेच, कोपऱ्यातल्या कॉलमच्या मानाने मधल्या कॉलमवरची खूण 17 मिमी वर. राफ्ट चक्क उचलला जात होता.

पुण्यात खाली काळा पाषाण, मग पाणी कुठून येणार असं बऱ्याच जणांना वाटतं. अहो, पाषाणात खोदलेला खड्डा म्हणजे विहीरच, मुरमातून नि भेगांतून झिरपलेलं पाणी तिथंच साचणार. रिटेनिंग वॉलच्या, म्हणजे बेसमेंटच्या कडेच्या भिंतीच्या, बाहेरचं बॅकफिलिंग (मातीचा भराव) राहिलेलं आणि त्या गॅपमध्ये राफ्टच्या तळापासून 3 मीटर पाणी, म्हणजे चौरस मीटरला खालून 3 टनाचा रेटा. राफ्ट 600 मिमीचा, काँक्रीट घनमीटरला अडीच टन, म्हणजे त्याचं वजन दीड टन, कॉलम-भिंती-स्लॅब धरून सरासरी अडीच, म्हणजे रेट्यापेक्षा अर्धा टन कमीच. वरचे मजले झाले असते तर त्यांच्या वजनामुळे काही बिघडलं नसतं.

पंप का बंद? कॉन्ट्रॅक्टर म्हणे बीओक्यूत (करारातल्या कामांच्या यादीत) डिवॉटरिंग राफ्टपर्यंतच, पुढचं एक्स्ट्रा आयटम, त्याचं बिल कापलं म्हणून पंप उचलून नेले. बिल्डर म्हणे साइट कोरडी ठेवणं तुमचंच काम. कागदावर दोघंही बरोबर! मला विचाराल तर लेट प्रोजेक्ट आजारी पडतात ते इथंच, दोन करारांच्या मधल्या फटीत.

स्ट्रक्चरल कन्सल्टंटला फोन लावला, हिशोब सांगितला, ते म्हणाले आत पाणी घ्या, लगेच. बिल्डर शेठ तडकले, "पाणी काढायचे पैसे द्यायचे का भरायचे?" म्हटलं शेठ, रिकामं पातेलं बादलीत दाबून बघा, हात काढला की वर येतं, आणि तुमचं पातेलं काही कोटींचं आहे. मग गप्प झाले.

आधी माणसं बाहेर काढली, कारण खालच्या बेसमेंटला लेबरची बिऱ्हाडं होती (नसायला पाहिजेत, पण असतात). लाइट तोडली, सिमेंटच्या गोण्या वर घेतल्या. शेजारच्या साइटवरून डिझेल पंप मागून आणले आणि सक्शन बाहेरच्या गॅपमध्ये टाकून डिलिव्हरीचा पाइप गटारात न सोडता बेसमेंटमध्येच सोडला, म्हणजे बाहेरचा रेटा कमी आणि आतलं वजन जास्त, एकाच डिझेलमध्ये दोन्ही. सर्व्हेयर पोरगा रॅम्पवर छत्रीखाली मशिन धरून रीडिंग घेत होता. छातीएवढं पाणी झालं तेव्हा खुणा वर सरकायच्या थांबल्या, पहाटेपर्यंत उतरायला लागल्या. सगळ्या नाही उतरल्या, मधला एक कॉलम 4 मिमी वरच राहिला, तिथं नंतर ग्राउटिंग केलं, म्हणजे खालच्या पोकळीत सिमेंटचं पातळ मिश्रण भरलं.

त्याच रात्री गाडीच्या बॉनेटवर दोघांच्या सह्या घेतल्या, पंप रोजच्या रेटने चालणार आणि कन्सल्टंटचं लेखी पत्र येईपर्यंत कोणीही बंद करायचे नाहीत. बार चार्टमधली ती पट्टी ओढून वरच्या स्लॅबपर्यंत नेली. पहिल्या रात्रीच्या डिझेलचं बिल मात्र अजून कोणीच पास केलेलं नाही, शेजारच्या साइटचा इंजिनिअर मलाच फोन करतो.