आमची वाटचाल : यादी, दाभण आणि पुराचं पाणी

पोरांच्या पुस्तकांचं दुकान काढलं २००३ च्या जूनमध्ये, कोल्हापूरच्या शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरपासून चालत चार मिनिटांवर. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या बालवाडीवर शिकवायच्या, मी एका स्टेशनरीवाल्याकडं हिशेब लिहायचे. घरात सांगितलं तेव्हा सासरे म्हणाले, "नुसती पोरांच्या गोष्टींची पुस्तकं? गाइड नाही ठेवायची? मग जून सोडून अकरा महिने खाणार काय?" प्रश्न बरोबर होता. उत्तर अजून पुरतं सापडलेलं नाही, पण गाइड आजतागायत दुकानात आलेलं नाही.

जाऊबाईंची अट एकच होती. आपण दोघींनी वाचलेलं नाही ते पुस्तक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. त्यामुळं पहिल्या वर्षी फळ्या निम्म्या रिकाम्या, आणि गिऱ्हाईक विचारायचं, "नवीन दुकान आहे की बंद करायला लागलाय?" रात्री भांडी आवरली की आम्ही वाचत बसायचो. त्या वाचण्यातून यादी तयार झाली. इयत्तावार, फुलस्केप कागदावर, पाठपोट. पहिली-दुसरीला माधुरी पुरंदरे आणि नेहरू बाल पुस्तकालयाची पातळ, चित्रांची पुस्तकं. चौथी-पाचवीला 'गोट्या' आणि फास्टर फेणे. सहावीला 'तोत्तोचान', कारण रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा वाचून आपल्या शाळेकडं जरा वेगळं बघायचं वय ते. आठवीला जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी', आणि शेजारी कंसात 'जन्म कोल्हापूर'. एवढी मिजास पाहिजेच.

'श्यामची आई' कुठं टाकायचं यावरून आमचा दोन दिवस अबोला होता. जाऊबाई म्हणत होत्या पाचवी. माझं म्हणणं, ते पोरानं एकट्यानं कोपऱ्यात बसून वाचायचं पुस्तकच नव्हे. साने गुरुजींनी प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' म्हटलंय ते उगाच नाही. ते रात्री कुणीतरी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. शेवटी 'कुठलीही इयत्ता, मोठ्यांसोबत' असं छापलं. टाइप करणाऱ्या पोरानं गडबडीत 'फेणे'चं 'फेने' केलं. पाचशे प्रती निघून गेल्यावर ध्यानात आलं. म्हटलं, असू दे, पुढच्या खेपेला बघू.

दुसरी ठेव म्हणजे दाभण. जाऊबाईंचे वडील छापखान्यात बाइंडर होते. त्यांचं शिसवी मुठीचं दाभण आणि हाडाची घडीपट्टी त्यांनी लेकीला दिली, लेकीनं दुकानाला. पानं सुटलेलं पुस्तक आम्ही फुकट शिवून देतो. खळ घरचीच, मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून. नाहीतर झुरळं कव्हरासकट फस्त करतात. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते, पहिली-दुसरीतल्या पोराला गोंदानं चिकटवलेलं जाड पुस्तक घेऊ नका. ते पूर्ण उघडत नाही, पोरगं गुडघा देऊन उघडतं आणि आठ दिवसांत पानं हातात येतात. मधोमध पिना मारलेलं पातळ पुस्तक घ्या. सपाट पडतं, दोघांना मिळून बघता येतं.

गिऱ्हाइकांत एक बाई. राधानगरीच्या पलीकडं वाडीवरच्या शाळेत शिकवायच्या. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा करून एसटीनं यायच्या, स्वतःच्या पगारातून पुस्तकं न्यायच्या. त्यांची परीक्षा मी नंतर सगळ्यांना सांगत आले. पुस्तक मधेच कुठंतरी उघडायचं आणि तिथंच उभं राहून एक पान मोठ्यानं वाचायचं. दुकानात एखादं पोर असायचंच. त्यानं मान वर केली तर पुस्तक पिशवीत. नाही केली तर परत फळीवर, लेखक कितीही मोठा असो. शेवटी ठळक अक्षरात 'तात्पर्य' असेल तर त्या पान वाचायच्याही नाहीत. "वहिनी, गोष्टीत बोध असला तर पोरगं तो न सांगता उचलतंय. खाली लिहावा लागला म्हणजे गोष्टीत उतरला नाही."

२००६ ते २०११ मध्ये काय झालं विचाराल तर मला काहीच आठवत नाही. म्हणजे धंदा बरा चालला असणार. २०१२ मध्ये जाऊबाई लेकाकडं पुण्याला गेल्या, हिस्सा घेतला नाही, दाभण ठेवून गेल्या.

खरा घाव त्यानंतरचा. आमच्याकडं शाळांना गठ्ठे पोचवणारा एक टेंपोवाला होता. नाव लिहीत नाही. गावात ज्याला कळायचं त्याला कळेल. सहा वर्षं चलनांवर सह्या घेऊन घेऊन त्याला सगळ्या शाळा, सगळे मुख्याध्यापक पाठ. २०१४ च्या उन्हाळ्यात तो यायचा बंद झाला, आणि जूनमध्ये एका शाळेत गेले तर सरांच्या टेबलावर यादी. इयत्तावार, पाठपोट. वर त्याच्या एजन्सीचा शिक्का. मी खाली बघत गेले. चौथी-पाचवी: 'फास्टर फेने'.

हसू आलं आधी. मग बसायला खुर्ची मागितली.

यादी आमची, पण माल दुसराच. सर म्हणाले, "ती पुस्तकं शिल्लक नाहीत म्हणे, त्याच दर्जाचे संच दिलेत." संच म्हणजे चकचकीत आर्ट पेपर, सगळ्या कव्हरांवर तोच हसरा पोरगा, आत प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य. किंमत छापायची दीडशे आणि सूट द्यायची साठ टक्के. प्रकाशक आम्हाला तीस-पस्तीस टक्के देतात, त्यातले पंधरा आम्ही शाळेला सोडतो, उरलेल्यात भाडं, वीज आणि सुतळी. साठ कुठून आणू? एका वर्षात अकरापैकी आठ शाळा गेल्या. एका मुख्याध्यापकांनी तर सांगितलं, "मॅडम, संस्कार तेच आहेत, स्वस्तात मिळतात." हे वाक्य मला अजून रात्री आठवतं.

उरलेल्या तीन शाळा, बाई आणि रस्त्यावरचं गिऱ्हाईक यांवर दुकान तरलं. आणि मग २०१९.

कोल्हापुरात पाऊस लागला की आम्ही सगळे पाटबंधारे खात्यातले होतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, हे भाजीवालीलाही पाठ. शाहूपुरीत मापाला आणखी एक वर्ष होतं, २००५. तेव्हा पाणी आमच्या दुसऱ्या पायरीला लागून परत गेलं होतं. म्हणून नागपंचमीच्या आदल्या रात्री मी आणि मुलानं खालच्या दोन फळ्यांवरचं सगळं तिसरीवर आणि तिच्या वर चढवलं, शटर ओढलं, घरी आलो. पंचगंगा त्या वर्षी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीला हायवे बंद, गावात पेट्रोल नाही, दूध नाही. आठ दिवसांनी शटर उघडलं तेव्हा पाचव्या फळीवर गाळाची रेघ होती.

वास सांगत नाही. कागदाचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. आर्ट पेपर भिजला की त्याच्यावरचा लेप विरघळतो, आणि वाळताना पानाला पान चिकटून वीट होते. ओला असतानाच एकेक पान सुटं केलं तर वाचतो, पण आम्ही पोचलो तेव्हा वरचे गठ्ठे वाळायला लागले होते. सुरीनंही उघडत नव्हते. साधा, लेप नसलेला मॅपलिथो मात्र भिजतो, फुगतो, लाटा येतात आणि जगतो. आम्ही गच्चीवर सुतळ्या बांधून पुस्तकं मधोमध उघडून वाळत घातली, पानांत जुने पेपर घालून, दर दोन तासांनी पेपर बदलत. शेजारीण म्हणाली, "ह्या घरात पापड सोडून पुस्तकं वाळत्यात." सुमारे चार हजारांतली सहाशे-सातशे वाचली. विम्याच्या माणसानं प्रत्येक पुस्तकाचं बिल मागितलं. बिलं दाखवली, तीही वीट झाली होती.

रोजकीर्द वाचली, पण अर्धीच. बॉलपेननं लिहिलेली पानं धडधाकट, शाईच्या पेननं लिहिलेली निळी डबकी. शाईचा पेन जाऊबाई वापरायच्या. म्हणजे ती बरी चाललेली वर्षं आता कागदावरही नाहीत.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी बाई आल्या. मी लाटा आलेली पुस्तकं निम्म्या किमतीत काढली होती. त्यांनी चाळीस निवडली आणि पूर्ण पैसे मोजले. मी अडवलं तर म्हणाल्या, "सवलत दिलीत तर पोरं म्हणतील बाद माल आणलाय. मी त्यांना सांगणार, ही पुरात पोहून आलेली पुस्तकं आहेत." पुढच्या महिन्यात येऊन सांगितलं की शाळेत कोरी पुस्तकं पडून आहेत आणि 'पोहलेल्या'ला नंबर लागतात. मग मी पाटीवरचा निम्म्या किमतीचा आकडा खोडला.

लॉकडाऊन झाला, २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं. यावेळी माल आधीच घरी माडीवर होता, फक्त काउंटर गेला. त्यानंतर राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर गाळा घेतला. जिना चढावा लागतो म्हणून आजी लोक कुरकुरतात, मी चहा देते. यादी आता दोन कागदांची झाली आहे. बाई निवृत्त झाल्या, तरी शनिवारी येतात, एक पान वाचतात.

मे महिन्यात एका शाळेचा शिपाई आला. "मॅडम, यंदाची यादी झाली का? सरांनी मागितलीया." ती शाळा २०१४ पासून माझ्याकडून एक पुस्तक घेत नाही, त्यामुळं यादी कुठं जाणार ते मला कळलं. मी दिली, पाठपोट, सुवाच्य. 'फेणे' यंदा नीट लिहिलंय. नारळीकरांच्या 'ना'ला मात्र एक काना जास्त दिला आहे. जूनमध्ये शाळाशाळांत फिरून बघणार आहे.