बोटभर कटला

रविवार, १५ मार्च

पहाटे साडेपाचला उजनी धरणात पळसदेवच्या काठावरून होडी सोडली. नानांनी काल संध्याकाळी लावलेली जाळी उचलायची होती. पाण्यावर तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या हीच जाळ्याची खूण. अंधारात नानांना त्या बरोबर सापडतात. वल्हं बाजूला ठेवून त्यांनी दोरी हातात घेतली आणि जाळं आत ओढायला सुरुवात केली.

सुरुवातीला सगळी चिलापीच, म्हणजे तिलापिया मासा. उजनीत हल्ली असंच असतं. एक मादी कल्ल्यांपाशी अडकली होती. नाना तिला सोडवायला गेले तशी तिनं तोंड उघडलं आणि आतून बारीक बारीक पिल्लं होडीच्या तळातल्या पाण्यात सांडली. चिलापीची आई अंडी तोंडात धरते, पिल्लं बाहेर आली तरी धोका दिसला की त्यांना परत तोंडात घेते. हे मला माहीत होतं, पण इतक्या जवळून आजच पाहिलं. नानांनी डबा घेऊन ते पाणी पिल्लांसकट धरणात ओतलं. "धंदा धंद्याच्या जागी. ही जगली तरच आपन," एवढंच बोलले आणि पुन्हा दोरीला लागले.

ही चिलापी मूळची आफ्रिकेतली. आपल्या देशात ती १९५२ साली आणली. साचलेल्या पाण्यातही तिची वीण होते, तीही वर्षातून अनेकदा, म्हणून ती कुठंही टिकते. कटला, रोहू, मृगळ यांचं तसं नाही. त्यांना वीण घालायला पावसाळ्यातलं पुराचं वाहतं पाणी लागतं. धरणाच्या संथ पाण्यात ते पोसले जातात, मोठे होतात, पण त्यांचा वंश वाढत नाही. म्हणून दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागते. काठावर ताज्या कटल्याची पाटी मांडून बसलेली बाई जे विकते, ते कधीतरी कुणीतरी बोटाएवढं असताना या पाण्यात सोडलेलं असतं. मला हे फार मोठं वाटतं. कटला चांगला पोसला तर वर्षभरात किलोभर होतो, पुढं तर झपाट्यानं वाढतो. फक्त त्याला ते वर्ष मिळायला हवं.

आज जाळ्याच्या शेवटी एक मिळाला. मोठं डोकं, वर वळलेलं तोंड, पाठीवर करडी झाक. पाच-सहा किलोचा असेल. नानांनी दोन्ही हातांनी उचलून होडीत घेतला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो पैशाचा नव्हता. त्यांचे आजोबा वाहत्या भीमेवर फेकजाळं टाकायचे. तेव्हा वाम, मरळ, शिंगाडा यांचे दिवस होते. १९८० मध्ये धरण झालं, नदी थांबली, गावं पाण्याखाली गेली. भोयांच्या पोरांनी मग हे नवं पाणी शिकून घेतलं.

उसवाले रोज सकाळी धरणाची टक्केवारी बघतात. मासेमारही बघतो, पण त्याचा हिशेब निराळा. उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात, म्हणजे तळाच्या राखीव पाण्यात धरतात; टक्केवारी वरच्या उपयुक्त पाण्याची. उपयुक्त पाणी संपून धरण 'मायनस'मध्ये गेलं की पसारा आटतो आणि सगळा मासा उरलेल्या डोहांत गोळा होतो. त्या दिवसांत जाळं जड येतं. नवख्या माणसाला वाटतं धंदा तेजीत आहे. प्रत्यक्षात पुढच्या दोन वर्षांचा मासा एका महिन्यात निघत असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, ऑगस्टमध्ये धरण भरलंसुद्धा. पाणी परत आलं. मासा पाण्याबरोबर परत येत नाही.

त्याच वर्षी २१ मे रोजी कुगाव ते कळाशी जाणारी होडी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तेव्हापासून नाना दुपारनंतर पश्चिमेला काळं दिसलं की होडी बाहेरच काढत नाहीत. आज साडेआठला आम्ही परत फिरलो.

काठावर उतरलो तिथं मातीवर ताडपत्री अंथरून बारीक मासळी वाळत घातली होती. वडाप जाळ्याची. मच्छरदाणीसारख्या बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं हे जाळं, त्यातून काहीच सुटत नाही. अधूनमधून कारवाई होते, जाळी जप्त होतात, चार दिवसांनी पुन्हा नवी पडतात. मी खाली बसून एक मूठ उचलली. वरवर पाहिलं तर सगळी सुकट एकसारखी. तळहातावर पसरली तेव्हा एक डोकं लगेच ओळखू आलं. अंगाच्या मानानं मोठं, तोंड वर वळलेलं. बोटभर कटला. त्याच मुठीत आणखी तीन निघाले. तासाभरापूर्वी होडीत जो पाहिला, तो याच वयात वडापात सापडला असता तर याच ताडपत्रीवर असता.

ज्याची ताडपत्री होती तो पोरगा विशी-बाविशीचा. मी काही बोललो नाही. नाना बोलले. आवाज चढवला नाही. "हे किती रुपयं किलो जातं रं? आनि हाच माघारी ठिवला तर वर्सानं किती?" पोरगा म्हणाला, "नाना, मी ठिवला तर दुसरा कुनी काढतो." त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि नानांनाही ते ठाऊक होतं. एकट्यानं मोठ्या आसाचं जाळं लावून भागत नाही. ज्याचं जाळं मोठं त्याचा माल कमी, ज्याचं बारीक त्याची पाटी भरलेली. हे सगळ्यांनी मिळून ठरवलं तरच जमेल, आणि भिगवणच्या, इंदापूरच्या लिलावात बारीक कटला उतरवून घेणंच बंद झालं तर आणखी लवकर जमेल. घेणाराच नसेल तर वाळत कोण घालील?

उद्या संध्याकाळी वस्तीवर मासेमार बसणार आहेत. "मास्तर, तुम्ही बोला, माझं ऐकून ऐकून त्यांचे कान किटले," असं नाना म्हणाले. मी त्या पोराला पैसे देऊन पाव किलो सुकट कागदात बांधून आणली आहे. आता जेवणानंतर दिव्याखाली बसून निवडतोय. चिलापी एका बाजूला. कटला, रोहू, मृगळ दुसऱ्या बाजूला, जेवढे ओळखू येतील तेवढे. उद्या भाषणाऐवजी हे दोन ढीगच मांडणार आहे.